कोकोच्या डब्यामागचा माणूस : जॉर्ज कॅडबरी



यंदाच्या स्नेहसंमेलनात आठवीच्या मुलींनी गरम चॉकलेट-दुधाचा स्टॉल लावला होता, हे आपणांस आठवत असेल. ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी काय असते ते आपल्याला ठाऊकच आहे. मुलींनी बाजारचा तयार डबा न आणता मिश्रण घरीच केले होते. तासाभरात पातेले रिकामे झाले आणि प्राचार्य म्हणून मला जो एक पेला राखून ठेवला होता, तोही कोणीतरी पिऊन टाकला!

दुसऱ्या दिवशी त्या मुलींपैकी एक माझ्या खोलीत आली. आमच्या मिश्रणाचा रंग बाजारच्या डब्यापेक्षा इतका गडद का आला, असे तिने विचारले. मी तिला घरच्या डब्यावरची घटकांची यादी वाचून यायला सांगितले. ती वाचून आली. यादीत साखर पहिली होती आणि कोको तिच्या खाली. जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहायचा, असा नियम आहे, हे मी तिला समजावले. त्यावर तिचा पुढचा प्रश्न असा की, डब्यात काय आहे ते लिहायला या कंपन्यांना प्रथम भाग कोणी पाडले?

प्रश्न लहान होता, पण उत्तर लांब निघाले. त्या उत्तरात एक माणूस सारखा भेटत राहतो. त्याचे आडनाव तुम्हा सर्वांच्या तोंडी आहे. पण ते एका माणसाचे आडनाव आहे, हे किती जणांना माहीत असेल? आपल्या जवळच, मालनपूरला, १९८९ पासून ज्या कारखान्यात हे चॉकलेट बनते, त्याच्यासमोरून आपण भिंडच्या बसने कितीदा गेलो असू. म्हणून या अंकात जॉर्ज कॅडबरी यांचे चरित्र देत आहे.

जॉर्ज यांचा जन्म १९ सप्टेंबर १८३९ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या एजबॅस्टन भागात झाला. वडील जॉन कॅडबरी यांनी १८२४ साली बुल स्ट्रीटवर एक किराणा दुकान उघडले होते. दुकानात चहा, कॉफी, मोहरी असा माल असे, आणि त्याबरोबर कोको. हा कोको जॉन स्वतः खलबत्त्यात कुटून तयार करीत. १८३१ पासून त्यांनी कोको व पिण्याचे चॉकलेट बनवण्याचा छोटा कारखानाच काढला. त्या काळी चॉकलेट ही खाण्याची नव्हे, पिण्याची वस्तू होती, हे लक्षात ठेवा. वडी फार पुढे आली.

हे कुटुंब क्वेकर पंथाचे होते. हा ख्रिस्ती लोकांतील एक लहानसा पंथ. राहणी साधी, शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचे नाही, दारूला शिवायचे नाही. इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांची दारे या मंडळींना दीर्घकाळ बंद होती आणि सैन्यात ते स्वतःच जात नसत. मग उरला व्यापार. त्यातही दारूऐवजी गरिबाच्या हाती काहीतरी गरम आणि पौष्टिक पेय द्यावे, या विचाराने अनेक क्वेकर कोकोकडे वळले. ब्रिस्टलचे फ्राय, यॉर्कचे राउंट्री आणि बर्मिंगहॅमचे कॅडबरी ही तिन्ही घराणी क्वेकरच. हा योगायोग नव्हे.

जॉर्ज फार शिकले नाहीत. १८५५ मध्ये आई क्षयाने गेली आणि त्याच सुमारास त्यांचे शालेय शिक्षण संपले. काही काळ यॉर्कमधील राउंट्री यांच्या किराणा दुकानात त्यांनी उमेदवारी केली. पत्नीच्या निधनाने वडील खचले होते, धंदाही उतरणीला लागला होता. अखेर १८६१ साली जॉन यांनी कारखाना दोन मुलांच्या हाती सोपवला. थोरले रिचर्ड पंचवीस वर्षांचे होते आणि जॉर्ज एकवीस वर्षांचे.

हाती आले ते डबघाईला आलेले दुकान. दोघा भावांना आईकडून वारसाहक्काने काही हजार पौंड मिळाले होते, ते त्यांनी धंद्यात ओतले. पहिली काही वर्षे नुकसानच नुकसान. सकाळी सहाच्या सुमारास कामाला लागायचे, संध्याकाळी उशिरा परतायचे. जॉर्ज यांनी तर वर्तमानपत्र बंद केले, चहा बंद केला, लग्नाचा विचार बाजूला ठेवला. सर्व पैसे बुडालेच तर पुढे काय करायचे, हेसुद्धा भावांनी ठरवून ठेवले होते. रिचर्ड जमीनमोजणीचे काम शिकणार होते आणि जॉर्ज हिमालयात येऊन चहाचा मळा लावणार होते! धंदा आणखी वर्षभर तसाच चालला असता, तर कॅडबरी हे नाव कदाचित दार्जिलिंगच्या चहाच्या पेटीवर वाचायला मिळाले असते. १८६४ च्या सुमारास थोडा नफा दिसू लागला आणि तो बेत राहून गेला.

आता खरी गोष्ट सुरू होते, आणि ती समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र हवे. विज्ञानाच्या सरांनी मला क्षमा करावी.

कोकोच्या बीत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. त्याला कोको बटर म्हणतात. बी भाजून, सोलून दळली की कोरडे पीठ होत नाही, दाट, तेलकट लगदा होतो. तो गरम पाण्यात किंवा दुधात घातला की तूप वर तरंगते आणि चोथा खाली बसतो. यावर त्या काळच्या सर्व कारखानदारांचा उपाय एकच होता, तो म्हणजे तेल शोषून घेणारे पीठ मिसळायचे. बटाट्याचे सत्त्व, साबुदाण्याचे पीठ, गव्हाचे पीठ आणि गोडीसाठी काकवी. असे केल्याने पेय दाट लागे, तूप दिसत नसे, आणि महत्त्वाचे म्हणजे माल स्वस्त पडे. काही लबाड व्यापारी रंग यावा म्हणून विटेची भुकटीदेखील घालत. कॅडबरींनी विटा घातल्या नाहीत, पण पीठ घातले. त्यांच्या सर्वांत खपणाऱ्या कोकोत खरा कोको जेमतेम पाचवा हिस्सा होता, ही गोष्ट जॉर्ज यांनीच पुढे उघडपणे सांगितली. त्यांच्या एका प्रकारात तर आइसलँड मॉस घातलेले असे. म्हणजे काय, तर आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातीची वनस्पती! ती प्रकृतीला चांगली, अशी समजूत होती.

हॉलंडमध्ये व्हॅन हाउटेन पितापुत्रांनी याच अडचणीवर निराळा मार्ग काढला होता. पीठ घालून तूप लपवण्याऐवजी त्यांनी तूपच काढून टाकले. १८२८ मध्ये त्यांनी एका दाबयंत्राचे पेटंट घेतले. लगद्यावर जबरदस्त दाब दिला की बरेचसे कोको बटर गळून जाते आणि मागे कोरडी ढेप राहते. आपल्याकडे घाण्यात तेल निघून पेंड उरते, तसेच. ती ढेप दळली की कोको पावडर तयार. आठवीच्या मुलींनी वाण्याकडून आणलेली पावडर ती हीच, दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या युक्तीतून आलेली.

जॉर्ज यांच्या कानावर हे यंत्र आले आणि ते निघाले हॉलंडला. डच भाषेचा एक शब्द येत नव्हता. शब्दकोश उघडून आणि हातवारे करून त्यांनी यंत्रवाल्याशी सौदा केला आणि यंत्र विकत घेऊन आले. सारे शिक्षण हिंदी माध्यमात झालेला माझ्यासारखा माणूस पहिल्यांदा पुण्याच्या बाजारात उभा राहिला होता, तेव्हा त्याची काय स्थिती झाली होती, ते आठवून मला या प्रसंगाचे विशेष कौतुक वाटते.

१८६६ साली कॅडबरी बंधूंनी कोको इसेन्स नावाने पीठविरहित कोको बाजारात आणला. तो महाग होता. शिवाय पातळ लागे. दाट पेयाची सवय झालेल्या गिऱ्हाइकांना प्रथम तोच नकली वाटला, ही गंमत पाहा! दुकानदारही घ्यायला तयार नव्हते. तेव्हा भावांनी नमुने डॉक्टरांकडे पाठवले. अन्नातील भेसळीविरुद्ध त्या वेळी इंग्लंडमध्ये डॉक्टर मंडळींनी आवाज उठवला होता. त्यांच्या नियतकालिकांतून या शुद्ध कोकोची वाखाणणी झाली. जाहिरातीत भावांनी शुद्धता हाच एक मुद्दा धरला. त्यामुळे इतर कारखानदार संतापले, कारण आमचा शुद्ध म्हटले की तुमचा अशुद्ध असे आपोआप होते. १८७२ आणि १८७५ साली ब्रिटिश संसदेने अन्नभेसळीविरुद्ध कायदे केले. कोकोत दुसरे काही मिसळले असेल तर ते गिऱ्हाइकापासून लपवता येईना. माझ्या खोलीत आलेल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे इथे आहे. एका माणसाने हे कायदे करवून घेतले असे नाही, पण शुद्ध कोको विकता येतो आणि विकून जगताही येते, हे त्या आधी कॅडबरींनी दाखवून दिले होते. कायदे झाल्यावर त्यांचा फायदाही झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे त्यांनी पीठ घातलेले सर्व प्रकार बनवणे सोडून दिले.

आणि गाळून काढलेल्या त्या तुपाचे काय? ते वाया घालवले नाही. त्यातून खाण्याचे चॉकलेट सुधारले. १८६८ पासून रिचर्ड यांनी स्वतः काढलेली चित्रे लावून चॉकलेटच्या सुबक पेट्या विकायला आणल्या.

धंदा वाढला तशी शहरातली जागा पुरेना. १८७९ मध्ये भावांनी बर्मिंगहॅमपासून सुमारे चार मैलांवर, बॉर्न नावाच्या ओढ्याकाठी, उघड्या शेतात नवा कारखाना उभारला. ओढ्याच्या नावाला फ्रेंच थाटाचा व्हिल शब्द जोडून जागेला बॉर्नव्हिल म्हटले. तुमच्या दुधातल्या बोर्नव्हिटाचे नाव याच गावावरून आले आहे. धुराड्यांच्या शहरातून कारखाना हिरवळीत नेणे हा लोकांना वेडेपणा वाटला. पण तेथे कामगारांसाठी गरम हवेच्या कपडे बदलण्याच्या खोल्या, स्वयंपाकघर, बाग, मैदाने, पुढे पोहण्याचे तलाव होते. शनिवारी अर्धा दिवस सुटी होती. मात्र स्त्री-कामगाराचे लग्न ठरले की तिला काम सोडावे लागे. त्या काळी हीच रीत होती, तरी ती मला खटकते.

जॉर्ज यांच्या मनात कारखान्याहून मोठी गोष्ट होती, आणि तिचा उगम एका वर्गात आहे. शिक्षक म्हणून मला हा भाग सर्वांत जवळचा वाटतो. बर्मिंगहॅममध्ये क्वेकरांची प्रौढ शाळा होती. दर रविवारी सकाळी जॉर्ज तेथे मजुरांना वाचायला, लिहायला आणि बायबल शिकवत. हे त्यांनी एक-दोन वर्षे नव्हे, सुमारे पन्नास वर्षे केले. कोट्यधीश झाल्यावरही केले. आपल्या विद्यार्थ्यांना भेटायला ते त्यांच्या घरी जात आणि त्या कोंदट, अंधाऱ्या चाळी पाहून येत. माणसाला दारू सोड म्हणून सांगायचे आणि राहायला अशी खोली द्यायची, याचा मेळ त्यांना बसेना. १८९३ मध्ये त्यांनी कारखान्याजवळ १२० एकर जमीन घेतली आणि १८९५ पासून घरे बांधायला सुरुवात केली. प्रत्येक घराला बाग, बागेत फळझाडे. घराने जमिनीचा चौथा भागच व्यापायचा, बाकी मोकळी. घरे केवळ आपल्या कामगारांना नव्हे, इतरांनाही दिली. १९०० साली तर त्यांनी ही सारी मालमत्ता, ३०० हून अधिक घरे व ३३० एकर जमीन, एका विश्वस्त मंडळाला देऊन टाकली. स्वतःचा किंवा मुलाबाळांचा हक्क ठेवला नाही. ते मंडळ आजही काम करते, आणि त्या गावात आजही दारूचा गुत्ता नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हा तर संतच झाला. थांबा.

१९०१ मध्ये जॉर्ज यांचे पुतणे विल्यम यांच्या हाती एका मळ्याच्या विक्रीची जाहिरात आली. मळा आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ टोमे बेटावर होता. तेथे पोर्तुगीजांचे राज्य होते, ज्यांचे त्या वेळी आपल्या गोव्यावर होते तेच. मळ्याच्या मालमत्तेच्या यादीत २०० काळे मजूर दिलेले होते आणि त्यांच्यापुढे किंमत होती ३,५५५ पौंड. गुलामगिरी कागदावर बंद होती. अंगोलातून माणसे पाच वर्षांच्या करारावर आणली जात आणि त्यांपैकी जवळपास कोणीही परत घरी जात नसे. त्या बेटांच्या कोकोचे कॅडबरी फार मोठे गिऱ्हाईक होते. ज्या कोकोत एक चिमूट पीठ चालत नव्हते, त्या कोकोत हे मिसळलेले होते, आणि ते कोणत्याही डब्यावर लिहावे लागत नव्हते.

कॅडबरींनी काय केले? चौकशी केली. विल्यम १९०३ मध्ये लिस्बनला गेले. १९०५ मध्ये जोसेफ बर्ट नावाच्या गृहस्थांना बेटांवर आणि अंगोलात पाठवले. दरम्यान हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने स्वतः जाऊन सारे जगापुढे मांडले. बर्ट यांचा अहवालही तेच सांगत होता. ब्रिटिश सरकारने थोडे थांबायला सांगितले. खरेदी चालू ठेवली तरच पोर्तुगीजांवर दडपण आणता येईल, असे कॅडबरी म्हणत राहिले. अखेर विल्यम स्वतः आफ्रिकेला जाऊन आले आणि मार्च १९०९ मध्ये कॅडबरी, फ्राय व राउंट्री यांनी त्या बेटांचा कोको घेणे बंद केले. १९०१ ते १९०९. आठ वर्षे!

मध्यंतरी १९०८ मध्ये लंडनच्या स्टँडर्ड या वर्तमानपत्राने कॅडबरींवर ढोंगीपणाचा आरोप केला. आरोपाला धार होती. जॉर्ज यांनी १९०१ मध्ये डेली न्यूज हे वर्तमानपत्र घेतले होते. त्यातून बोअर युद्धाला विरोध होई, म्हाताऱ्यांना पेन्शन द्या म्हणून मोहीम चाले, दक्षिण आफ्रिकेतील चिनी मजुरांच्या हालांवर टीका होई. मग साओ टोमेचे काय, असे विरोधक विचारत. कॅडबरींनी बदनामीचा दावा लावला. १९०९ च्या अखेरीस बर्मिंगहॅमला खटला चालला. कॅडबरींचे वकील होते रुफस आयझॅक्स, जे पुढे लॉर्ड रीडिंग म्हणून १९२१ ते १९२६ आपल्या देशाचे व्हाइसरॉय झाले. विरुद्ध बाजूला एडवर्ड कार्सन. त्यांनी विल्यम यांना उलटतपासणीत चांगलेच घेरले. कोको गुलामांच्या हातचा आहे हे कळल्यावरही वर्षानुवर्षे तो घेतलात, एवढेच त्यांना कबूल करून घ्यायचे होते, आणि ते नाकारता येण्यासारखे नव्हते.

ज्युरीने निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला. नुकसानभरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा चौथा हिस्सा. आपल्या जुन्या भाषेत एक दमडी! खटला जिंकला असे म्हणायचे तर म्हणा.

जॉर्ज यांनी जाणूनबुजून लबाडी केली, असे मला वाटत नाही. त्यांच्या चौकशीवर पैसा खर्च झाला, माणसे गेली, शेवटी खरेदी थांबलीही, आणि पुढे कंपनी गोल्ड कोस्टमधील, म्हणजे आजच्या घानातील, लहान शेतकऱ्यांकडून कोको घेऊ लागली. पण पीठ काढून टाकायचा निर्णय घेताना जो तडफदार तरुण शब्दकोश घेऊन हॉलंडला धावला, तो साठीनंतर अहवालांची वाट पाहत बसला. धंदा लहान असताना धाडस सोपे असते, की डोळ्यांसमोरच्या चाळी जितक्या दिसतात तितके समुद्रापलीकडचे मळे दिसत नाहीत? इतिहासाच्या तासाला यावर वाद घालावा. मी स्वतः अजून ठरवू शकलो नाही.

जॉर्ज यांची दोन लग्ने झाली. पहिल्या पत्नी मेरी १८८७ मध्ये वारल्या. दुसऱ्या पत्नी एलिझाबेथ यांनी त्यांच्या सर्व कामांत साथ दिली. अकरा मुले होती. थोरले बंधू रिचर्ड १८९९ मध्ये जेरुसलेमच्या प्रवासात निवर्तले. आपले एक जुने राहते घर, वुडब्रुक, जॉर्ज यांनी १९०३ मध्ये क्वेकरांच्या अभ्यासकेंद्रासाठी देऊन टाकले. गोलमेज परिषदेसाठी १९३१ साली विलायतेला गेलेले गांधीजी त्या घरात येऊन गेले. पण तेव्हा जॉर्ज हयात नव्हते. २४ ऑक्टोबर १९२२ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कंपनी २०१० मध्ये एका अमेरिकी कंपनीने विकत घेतली. डब्यावर नाव तेवढे राहिले आहे.

अनेक पालकांनी त्या स्टॉलवरच्या मिश्रणाची कृती मागितली होती, ती मुलींना विचारून देत आहे. एक वाटी बिनसाखरेची कोको पावडर, दीड वाटी पिठीसाखर, दोन वाट्या दूध पावडर आणि पाव चमचा मीठ एकत्र करून दोनदा चाळणीने चाळावे. कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे आणि चमचा नेहमी कोरडाच घालावा. एका कपाला तीन लहान चमचे पुरतात. सगळे दूध एकदम ओतू नये, नाहीतर गुठळ्या होतात, कारण पावडरीत थोडे कोको बटर अजून शिल्लक असते आणि ते सहज ओले होत नाही. आधी दोन चमचे गरम दुधात मिश्रण चांगले घोटून घ्यावे, मग बाकीचे उकळते दूध घालावे. दाट आवडत असेल तर मिश्रणात दोन चमचे कॉर्नफ्लोअर घालता येते. मात्र तसे केल्यास घोटलेले मिश्रण दुधाबरोबर पातेल्यात दोन मिनिटे उकळावे, म्हणजे पीठ कच्चे राहत नाही, आणि बरणीवरच्या चिठ्ठीत कॉर्नफ्लोअरचे नाव लिहावे, असे मुलींनी मला आवर्जून सांगितले आहे.